स्तंभ-सांख्यिकी आणि मंद क्वेरी

स्तंभ-सांख्यिकी : टेबलाच्या प्रत्येक स्तंभात कोणती मूल्ये किती प्रमाणात आहेत, याचा डेटाबेस-प्रणालीने स्वतःजवळ ठेवलेला गोषवारा. क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) चालवण्यापूर्वी प्लॅनर, म्हणजे ती चालवण्याची योजना आखणारा प्रणालीचा भाग, या गोषवाऱ्यावरून प्रत्येक टप्प्यावर किती ओळी हाती येतील याचा अंदाज बांधतो आणि त्यानुसार इंडेक्स (ओळी चटकन शोधून देणारी सूची) वापरायचा की सबंध टेबल वाचायचे, दोन टेबलांची जोडणी नेस्टेड लूपने (एकातील प्रत्येक ओळीसाठी दुसऱ्यात पुन्हा शोध घेत) करायची की हॅश जॉइनने (एकाची शोध-सारणी आधीच बांधून), हे ठरवतो. खर्चाच्या अंदाजावरून मार्ग निवडण्याची ही पद्धत आयबीएमच्या ‘सिस्टिम आर’ प्रकल्पातून रूढ झाली. तिचे वर्णन करणारा पॅट्रिशिया सेलिंजर व सहकाऱ्यांचा शोधनिबंध १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला.

पोस्टग्रेस या डेटाबेस-प्रणालीमध्ये ‘अ‍ॅनालाइझ’ हा आदेश ओळींचा यादृच्छिक नमुना घेतो. सांख्यिकी-लक्ष्य, म्हणजे गोषवारा किती तपशीलवार ठेवायचा हे ठरवणारा आकडा, मुळात १०० असल्याने हा नमुना ३०,००० ओळींचा असतो, मग टेबलात ५ लाख ओळी असोत की ५ कोटी. त्यातून नल (रिकाम्या) मूल्यांचे प्रमाण, भिन्न मूल्यांची संख्या, सर्वाधिक आढळणारी मूल्ये व त्यांची वारंवारता, उरलेल्या मूल्यांचा हिस्टोग्राम (ती कोणत्या टप्प्यांत पसरली आहेत याचा आराखडा) इत्यादी गोष्टी काढल्या जातात. यांपैकी भिन्न मूल्यांची संख्या सर्वांत बेभरवशाची. मोठ्या टेबलांत ती पुष्कळदा फार कमी धरली जाते.

क्वेरी मंद झाली की नवा इंडेक्स टाकण्याची घाई होते. त्याआधी क्वेरी चालवून तिची योजना दाखवणारा ‘एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ’ हा आदेश देऊन अंदाजित व प्रत्यक्ष ओळींचे आकडे शेजारी ठेवून पाहणे अधिक फलदायी ठरते. योजनेच्या सर्वांत आतल्या टप्प्यापासून वर येत, तफावत प्रथम जिथे दिसते तिथे थांबावे, कारण वरच्या टप्प्यांतील चुका बहुधा तिथूनच आलेल्या असतात. नेस्टेड लूपमध्ये प्रत्यक्ष ओळींचा आकडा एका फेरीची सरासरी असतो. त्याला फेऱ्यांच्या संख्येने गुणायचे राहून गेले, तर दोष नजरेतून निसटतो.

तफावतीचे एक कारण म्हणजे शिळी सांख्यिकी. मूळ मांडणीत ५० अधिक एकूण ओळींच्या १० टक्के एवढे बदल झाल्यावरच ‘ऑटोव्हॅक्यूम’, म्हणजे टेबलांची देखभाल आपोआप करणारी यंत्रणा, नवा नमुना घेतो. १ कोटी ओळींच्या टेबलात रोज ५०,००० ओळींची भर पडत असेल, तर तोवर सुमारे २० दिवस जातात आणि ताज्या तारखा हिस्टोग्रामच्या बाहेरच राहतात.

दुसरे कारण अधिक फसवे आहे. प्लॅनर अटींना परस्परांपासून स्वतंत्र मानतो. १० लाख ओळींत शहराची अट शंभरांत एक आणि राज्याची अट विसांत एक ओळ निवडत असेल, तर दोन्हींचा गुणाकार करून तो ५०० ओळी धरतो. शहर ठरले की राज्य ठरलेलेच असते, त्यामुळे प्रत्यक्षात १०,००० ओळी निघतात. ५०० ओळींसाठी योग्य वाटलेला नेस्टेड लूप मग वीसपट फेऱ्या मारत बसतो. अशा वेळी सांख्यिकी कितीही ताजी असली तरी उपयोग नसतो. २०१७ मधील दहाव्या आवृत्तीपासून ‘क्रिएट स्टॅटिस्टिक्स’ने स्तंभांमधील अवलंबित्व नोंदवता येते, आदेशानंतर ‘अ‍ॅनालाइझ’ चालवेपर्यंत मात्र ती नोंद रिकामीच असते.

विषम वाटणीच्या स्तंभापुरते सांख्यिकी-लक्ष्य १०,००० पर्यंत वाढवता येते, पण त्याबरोबर नमुना घेण्याचा आणि योजना आखण्याचाही वेळ वाढतो. तात्पुरत्या टेबलांना ऑटोव्हॅक्यूम हात लावत नाही. ती भरल्यावर लगेच ‘अ‍ॅनालाइझ’ आपल्यालाच चालवावे लागते.