अल्पखर्ची सहाय्यक साधने व सुलभ संगणन (बेळगाव सीमाभाग)

अपंगत्वामुळे अडणारी रोजची कामे सुकर करणारी, गावात मिळणाऱ्या सामानातून बनणारी आणि तालुक्यातच दुरुस्त होणारी साधने, तसेच दिव्यांगांना वापरता येतील अशी संकेतस्थळे व अ‍ॅप लिहिण्याची पद्धत. दिव्यांगांनी स्वतः कोडिंग करणे हेही यात येते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात विषयाला एक जादा पदर आहे : घरात मराठी, कचेरीत कन्नड, त्यामुळे साधनाला दोन्ही भाषा याव्या लागतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये अग्रक्रमाच्या ५० सहाय्यक साधनांची यादी केली. तीत श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची, पांढरी काठी अशा साध्या वस्तूच बऱ्याच आहेत. २०११ च्या जनगणनेत भारतात २.६८ कोटी दिव्यांगांची नोंद झाली. तेव्हा कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ते २१ केले. कानपूरचा अलिम्को कारखाना (स्थापना १९७२) आणि १९८१ पासूनची केंद्राची ॲडिप योजना यांतून शिबिरांत साधने वाटली जातात. अडचण वाटपानंतर सुरू होते. तीनचाकीचे बेअरिंग गेले, कॅलिपरचा (पायाला आधार देणाऱ्या पट्ट्यांच्या साच्याचा) पट्टा तुटला, की वस्तू गोठ्याच्या कोपऱ्यात जाते. म्हणून स्वस्ताई मोजायची ती दुरुस्तीच्या अंतरावरून. या बाबतीत बेळगाव नशीबवान. शहर ओतकाम आणि यंत्रभागांसाठी प्रसिद्ध आहे. उद्यमबागेत या औद्योगिक वसाहतीत बुश (आसाभोवती बसणारी धातूची कडी) लेथवर काढून मिळतो, आणि अथणी-निपाणीकडे चामड्याच्या चपला करणारे कारागीर आहेत, त्यांच्या हाताला पट्टा आणि टाका नवा नाही. साधनाचे माप घेणारा आणि ते बनवणारा यांची गाठ मात्र क्वचितच पडते.

सर्वांत कमी खर्चात मोठा फरक पाडणारी वस्तू म्हणजे बहुधा एक बटण. मेंदूच्या पक्षाघातामुळे ज्या मुलाची बोटे वळत नाहीत, त्याला माउसची कळ दाबता येत नाही. पण मनगटाने किंवा डोक्याने मोठी चकती दाबता येते. जुना माउस उघडून डाव्या क्लिकच्या खटक्याच्या दोन टोकांना दोन तारा डाख देऊन जोडायच्या आणि त्या ३.५ मिलिमीटरच्या सॉकेटला आणायच्या. हेडफोनला असते तेच सॉकेट. बाहेरच्या बटणाची पिन त्यात बसते. बटणासाठी डब्याचे झाकण, खाली स्पंज आणि तांब्याच्या पट्ट्या पुरतात. सेलवर चालणाऱ्या खेळण्यालाही हेच बटण लागते : दोन्ही बाजूंना तांब्याची पट्टी चिकटवलेला पातळ प्लास्टिकचा तुकडा सेल आणि पत्र्याच्या मध्ये सरकवला की मंडल तुटते, आणि त्या पट्ट्यांना तारांनी जोडलेले बटण दाबले की पुन्हा जुळते. ३.५ मिलिमीटरचे माप जगभर रूढ असल्याने इथे केलेले बटण परदेशी यंत्रालाही चालते.

याउलट अल्ट्रासॉनिक ‘स्मार्ट काठी’. अभियांत्रिकीच्या प्रकल्प-प्रदर्शनांत ती हटकून दिसते, अंधांच्या हातात फारशी दिसत नाही. तत्त्व सोपे आहे. सेन्सर ४० हजार हर्ट्झचा ध्वनी सोडतो, अडथळ्यावरून प्रतिध्वनी येतो, आणि लागलेल्या वेळावरून अंतर निघते. एक मीटरवरच्या भिंतीसाठी जाऊन-येऊन सुमारे ५.८ मिलिसेकंद. अर्डुइनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड तो वेळ मोजून कंपनाची मोटर फिरवतो. सामान काहीशे रुपयांचे. पण हा सेन्सर उघडा असतो आणि खानापूरचा पाऊस त्याला झेपत नाही. रोख समोर असल्याने पायाशी उघडे पडलेले गटारही कळत नाही. ते काम साध्या काठीच्या टोकाचेच. सेन्सरची खरी गरज कमरेच्या वर आहे. गळीत हंगामात रस्त्याकडेला उभ्या ट्रॉलीतून उसाची टोके बाहेर आलेली असतात. काठी खालून निघून जाते आणि ऊस छातीला लागतो. आयआयटी दिल्लीत विकसित झालेली ‘स्मार्टकेन’ गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचे असेच अडथळे हेरते, आणि काठी काढून न घेता तिच्यावरच बसते.

भाषेच्या बाबतीत सीमाभागातला अंध विद्यार्थी डोळस विद्यार्थ्यापेक्षा एका ठिकाणी पुढे असतो. १९५१ पासूनच्या भारती ब्रेलमध्ये भारतीय भाषांतील समान अक्षरांना समान ठिपके आहेत. मराठी ‘क’ आणि कन्नड ‘क’ दोन्ही १ व ३ या ठिपक्यांनी लिहितात. पाट्यांवरच्या लिपीवरून जिथे मोर्चे निघतात, तिथे बोटाखालची लिपी एकच आहे. इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कळफलकाचेही तसेच : ‘क’ची कळ दोन्ही भाषांत तीच, त्यामुळे मराठी टंकलेखन शिकलेली बोटे कन्नड लिहू शकतात. ही सोय जुन्या फाँटांनी घालवली. श्रीलिपी किंवा नुडी या कन्नड प्रणालीच्या जुन्या आवृत्तीत टंकलेल्या मजकुरात अक्षरे रोमन संकेतांकांवर बसवलेली असतात. डोळ्यांना मराठी किंवा कन्नड दिसते. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली) मात्र निरर्थक रोमन अक्षरे वाचतो. त्यामुळे युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा संकेतांक देणारी पद्धत, ही पहिली अट.

दुसरी अट भाषेच्या खुणेची. पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषा सांगितली नसेल, तर देवनागरी मजकूर हिंदी आवाजात वाचला जाण्याची शक्यता असते, आणि ‘चमचा’तला ‘च’ मराठी कानाला खटकतो. द्विभाषिक पानावर कन्नड परिच्छेदाला वेगळी खूण हवी. डब्ल्यूसीएजी या सुलभ संकेतस्थळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत दोन्ही गोष्टी आहेत. तिचे बाकीचे मुद्देही फार खर्चाचे नाहीत : चित्राला पर्यायी मजकूर, माउसशिवाय कळफलकावर चालणारे अर्ज, अक्षर व पार्श्वभूमी यांत किमान ४.५ : १ इतका रंगभेद. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवांची उपलब्धता जगण्याच्या हक्काचा भाग ठरवली.

अंध व्यक्तीला कोडिंगसाठी महागडी प्रणाली लागत नाही. ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी २००६ मध्ये सुरू केलेला एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आहे आणि तो मुख्यतः पायथनमध्ये लिहिलेला आहे. करन स्वतः अंध आहेत. एनव्हीडीएसोबतचा ईस्पीक आवाज मराठी व कन्नड दोन्ही बोलतो. उच्चार यांत्रिक, पण वेग वाढवला तरी तुटत नाही. पायथनमध्ये ओळीच्या आधीची मोकळी जागा अर्थ बदलते, ती ऐकायची कशी? एनव्हीडीए ती बोलून दाखवतो किंवा सुराने सांगतो : ओळ जितकी आत, सूर तितका वर. सुरुवातीला पडद्यावर आज्ञांचे ठोकळे ओढून कोडिंग शिकवण्याची पद्धत मात्र अंध मुलांना बाहेर ठेवते, कारण सगळे काम माउसने ओढण्याचे असते.

कर्नाटकात दिव्यांगांच्या योजनांसाठी ग्रामपंचायत पातळीवर ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ते असतात. लोक त्यांना व्हीआरडब्ल्यू म्हणूनच ओळखतात. अपंगत्वाचे प्रमाणपत्र देशभर ग्राह्य आहे, पण राज्याच्या योजना रहिवासावर ठरतात. निपाणीकराला कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ, तरी त्याचा अर्ज कर्नाटकातच जातो, आणि तो बहुधा कन्नडमध्ये असतो. तो स्कॅन केलेली पीडीएफ असेल तर स्क्रीन रीडरला त्यात काहीच सापडत नाही. टेसरॅक्ट ही मोफत प्रणाली अशा चित्रातला मराठी व कन्नड मजकूर ओळखते. साधे परिच्छेद बरे येतात, कोष्टकातले रकाने एकमेकांत मिसळतात, आणि कुठल्या चौकटीत काय भरायचे हे डोळस माणसालाच विचारावे लागते.