झोहो: विक्रेत्याच्या डायरीपासून तेनकाशीपर्यंत

विक्रीखात्यातला माणूस नोकरी सोडतो तेव्हा त्याची डायरीही त्याच्याबरोबर जाते. कोणाचा सौदा कुठे अडलाय, कोण पैसे उशिरा देतो, कोणाला सकाळी फोन केलेला चालत नाही, सगळं तिच्यात. ही माहिती कंपनीकडे राहावी म्हणून सीआरएम नावाची सॉफ्टवेअर आली. 1990 च्या दशकात यात सीबेल या अमेरिकी कंपनीचा दबदबा होता, पण ते प्रकरण महागडं. 1999 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सेल्सफोर्स ही कंपनी निघाली आणि तेच काम इंटरनेटवरून, वर्गणीवर मिळू लागलं.

चेन्नईची सॉफ्टवेअर कंपनी झोहो या बाजारात आडवाटेने आली. आयआयटी मद्रास आणि प्रिन्स्टनमध्ये शिकलेले श्रीधर वेंबू, त्यांची भावंडं आणि टोनी थॉमस यांनी 1996 मध्ये सुरू केलेल्या कंपनीचं नाव होतं ॲडव्हेंटनेट. नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्यांना ती सॉफ्टवेअर विकायची. 2000 च्या सुमारास इंटरनेट कंपन्यांच्या शेअरचा, म्हणजे डॉटकॉमचा, फुगा फुटला तशी ही गिऱ्हाइकं एकदमच आटली. सगळी एकाच धंद्यातली, दुसरं काय होणार? मग 2002 मध्ये कंपन्यांच्या आयटी विभागांसाठी मॅनेजइंजिन हे सॉफ्टवेअर आलं आणि 2005 मध्ये झोहो सीआरएम. 2009 मध्ये कंपनीनेही झोहो हेच नाव घेतलं. या सगळ्यात बाहेरच्या गुंतवणूकदाराचा पैसा कधीच घेतला नाही.

माझ्या मते तिथल्या माणसांची गोष्ट इथूनच सुरू होते. दर तिमाहीला नफा विचारणारा कोणी डोक्यावर बसलेला नसला की कच्चा माणूस घेऊन त्याला घडवायला वेळ देता येतो. महाविद्यालयातले गुण आणि प्रत्यक्ष काम यांचा फारसा मेळ बसत नाही, असं वेंबूंना दिसलं होतं. 2005 च्या सुमारास कंपनीने स्वतःची शाळा काढली, आज ती ‘झोहो स्कूल्स’ म्हणून ओळखली जाते. बारावी किंवा डिप्लोमा झालेली मुलं घ्यायची, फी घ्यायची नाही, उलट दरमहा विद्यावेतन द्यायचं आणि प्रोग्रामिंग, गणित, इंग्रजी शिकवायचं. तिथून निघालेली बरीच मुलं पुढे झोहोतच कामाला लागली. पदवी नसलेल्या मुलाने उद्या दुसरीकडे नोकरी शोधली तर काय, हा प्रश्न मात्र उरतोच.

2011 मध्ये तमिळनाडूच्या दक्षिण टोकाकडे, तेनकाशीजवळच्या मथळंपारै गावात कार्यालय उघडलं. गावातलं कार्यालय म्हटल्यावर फोन उचलण्याचं काम असेल असं वाटतं, पण ग्राहकांच्या तक्रारी हाताळणारं ‘झोहो डेस्क’ हे उत्पादन तिथेच घडलं. वेंबू स्वतःही पुढे त्याच भागात राहायला गेले. 2023 पर्यंत कंपनीत 15,000 हून अधिक माणसं झाली होती. जानेवारी 2025 मध्ये वेंबूंनी मुख्याधिकारीपद सोडून संशोधनाची जबाबदारी घेतली. त्यांच्या जागी शैलेश डेवी आले.

झोहोतूनच बाहेर पडलेल्या गिरीश मातृभूतम यांनी 2010 मध्ये काढलेली कंपनी, आजची फ्रेशवर्क्स, याच धंद्यात आहे. तिने गुंतवणूकदारांचा पैसा घेतला, सप्टेंबर 2021 मध्ये ती अमेरिकेच्या नॅस्डॅक शेअर बाजारात गेली आणि शेअर हाती असलेले तिचे शेकडो कर्मचारी कोट्यधीश झाले. झोहोचा शेअर बाजारात नाही, त्यामुळे मथळंपारैत असा दिवस उजाडलेला नाही.