वक्रीभवन, अपवर्तन, विवर्तन: घोळ मुळातला

अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव, म्हणजे मावळतीचं ऊन थेट मूर्तीवर पडण्याचे दिवस, जवळ आला की कोल्हापुरात एक वाक्य हमखास कानावर येतं, 'किरणं वाकून आत येतात.' महाद्वारापाशी वाकत काही नाहीत. मावळता सूर्य, दार आणि गाभारा एका रेषेत आले की किरणं सरळ आत शिरतात. म्हणून तर वाटेतल्या उंच इमारतींवरून वाद होतो. सूर्य क्षितिजाजवळ असतो, त्यामुळे हवेच्या थरांतून येताना ती आधीच थोडी वळलेली असतात. ते अपवर्तन. चौकटीच्या कडेला विवर्तनही होतं, म्हणजे कडेपाशी प्रकाश थोडा पसरतो, पण सूर्यबिंबच एवढं रुंद की उन्हाची कड मुळात पुसट. त्यात ते शोधूनही दिसायचं नाही.

अपवर्तनालाच जुनी पिढी शाळेत 'वक्रीभवन' म्हणायला शिकली. कोशात 'प्रणमन' आलं, पण कुणाच्या तोंडी बसलं नाही. आता दहावीच्या पुस्तकात 'अपवर्तन' आहे. माझ्या मते वक्रीभवन गेलं ते बरंच झालं. पाण्याच्या पेल्यात चमचा तिरका ठेवून पाहा. तो पाण्याच्या पातळीपाशी मोडल्यासारखा दिसतो, कमानीसारखा नाही. हवेतून पाण्यात जाताना किरण सीमेवर एकदाच दिशा बदलतो, पुढे परत सरळ. पण नव्या शब्दाने नवी पंचाईत केली: अपवर्तन आणि विवर्तन, 'वर्तन' तेच, फरक फक्त उपसर्गाचा. पोरं परीक्षेत अडखळतात ती इथेच. दोष आपल्या भाषांतरकारांचाच असंही नाही. लॅटिनमधले मूळ शब्दही 'मोडणे' या एकाच धातूचे.

अपवर्तनाचा नियम युरोपात १६२१ च्या सुमारास बसवला गेला. विवर्तनाचं नाव १६६५ मध्ये छापून आलं, तेही नाव देणारा इटालियन पाद्री वारल्यावर. बारीक छिद्रातून अंधाऱ्या खोलीत घेतलेल्या उन्हात त्याने वस्तू धरली, तर सावली हिशेबापेक्षा रुंद पडली आणि कडेला रंगीत पट्टे उमटले. माध्यम तर बदललंच नव्हतं!

खरी गंमत पॅरिसला. विवर्तनावरच्या स्पर्धेत १८१८ मध्ये एका तरुण इंजिनियरने तरंगांचं गणित मांडलं. प्रकाश म्हणजे कण, असं मानणाऱ्या एका परीक्षकाने त्याच गणितातून काढून दाखवलं की मग गोल चकतीच्या सावलीच्या बरोबर मध्यभागी उजेडाचा ठिपका पडायला हवा. त्याच्या लेखी हा निव्वळ वेडेपणा. दुसऱ्या परीक्षकाने प्रयोग केला, ठिपका होता. १८५० मध्ये प्रकाश पाण्यात हवेपेक्षा सावकाश जातो हे मोजलं गेलं (कण असते तर उलट व्हायला हवं होतं) आणि अपवर्तनाचा अर्थही तरंगांच्याच बाजूने लागला.

घरी जुनी सीडी असेल तर ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. ते रंग विवर्तनाचे. लोलकात जांभळा जास्त वळतो, सीडीवर तांबडा.