बेड आणि क्षमता: फूट मोजायचे की क्युसेक?

पावसाळ्यात कोल्हापुरात कुणालाही विचारा, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे ते तोंडावर असतं. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. त्याला जोडून लगेच दुसरा प्रश्न येतो: राधानगरी धरणाचे दरवाजे किती उघडले, विसर्ग किती क्युसेक? फूट म्हणजे आत्ता किती चढलंय, क्युसेक म्हणजे सेकंदाला किती वाहतंय. एकाच्या जागी दुसरा आकडा सांगितलात तर चिखली-आंबेवाडीसारख्या पूर येणाऱ्या गावांतलं शाळकरी पोरगंसुद्धा तुम्हाला दुरुस्त करेल.

कोविडच्या दोन वर्षांत राज्य सरकार नेमकी हीच गल्लत करत राहिलं आणि आपणही ती ऐकून घेतली. ‘बेड वाढवले’ म्हणजे ‘क्षमता वाढवली’ असं सगळ्यांनी धरून टाकलं.

बेड ही वस्तू आहे. लोखंडी खाट, गादी, चादर, फार तर डोक्याशी ऑक्सिजनचा पॉइंट. मोजायला सोपी, वसतिगृहाच्या हॉलमध्ये एका दिवसात शंभर मांडता येतात, फीत कापायलाही बऱ्या दिसतात. क्षमता कापायच्या फितीत मावत नाही. त्या खाटेवर आलेल्या माणसाला रात्री तीन वाजताही बघणारं कुणी असणं, आणि असं सलग दहा-पंधरा दिवस असणं, ही क्षमता.

साधा हिशेब करू. आयसीयूत १०० बेड आहेत आणि रुग्ण सरासरी १० दिवस राहतो, तर रोज नव्याने आत घेता येतात १०. मुक्काम तीन आठवड्यांवर गेला की रोज पाचही नाहीत. बेड शंभरच, विसर्ग निम्म्यावर. मुक्काम लांबले की खाटांचा आकडा तोच राहूनही दारातली रांग वाढत जाते.

आता माणसं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला प्रत्येक पाळीत एक नर्स, हा रूढ मापदंड. तीन पाळ्यांना तीन, साप्ताहिक सुट्टी नि रजा धरली की चार. म्हणजे आयसीयूचे २० बेड ‘वाढवले’ असं जाहीर करताना ८० नर्सेस कुठून आल्या, हे त्याच वाक्यात सांगायला हवं होतं. ते वाक्य मी तरी कधी ऐकलं नाही. राज्याच्या आरोग्यसेवेवरच्या कॅगच्या अहवालात २०१६ ते २०२२ या काळातली परिचारिकांची सुमारे एक तृतीयांश पदं रिकामी दिसतात. साथ आली तेव्हा घागर आधीच तेवढी रिकामी होती. त्यात पहिली लाट ओसरल्यावर कंत्राटी मुलामुलींना ठिकठिकाणी घरी पाठवलं आणि दुसरी आल्यावर पुन्हा जाहिराती काढल्या.

२१ मे २०२० च्या आदेशाने राज्याने खासगी रुग्णालयांतले ८० टक्के बेड स्वतःच्या नियंत्रणात घेतले आणि दर बांधले: साध्या विलगीकरणाला दिवसाला ४,००० रुपये, आयसीयूला ७,५००, व्हेंटिलेटरला ९,०००. बिलांच्या बाबतीत हा निर्णय चांगलाच होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ताबा आला तो खाटांचा. नर्स तीच, आणि सरकारी भरती नि खासगी रुग्णालयं एकाच विहिरीत बादल्या सोडत होती.

‘ऑक्सिजन बेड’ हा तर फसवा शब्द. जम्बो सिलिंडरमध्ये सात घनमीटर, म्हणजे ७,००० लिटर वायू असतो. मिनिटाला दोन लिटर लागणारा रुग्ण त्यावर दोन दिवसांहून जास्त काढतो. १५ लिटरचा मास्क लावलेल्याला तो पावणेआठ तास पुरतो. नाकातून जोरात ऑक्सिजन सोडणाऱ्या हाय फ्लो यंत्रावर मिनिटाला ६० लिटर लागले, तर दोन तासांच्या आत पाना घेऊन पुढचा सिलिंडर जोडायची वेळ येते. कागदावर मात्र हे तिघेही एकेका ऑक्सिजन बेडवर!

आणि सगळ्यात खटकणारी गोष्ट ४ जून २०२१ च्या आदेशातली. निर्बंध उठवण्यासाठी जिल्ह्यांचे पाच स्तर केले, पहिला सगळ्यात मोकळा, पाचवा सगळ्यात कडक. निकष दोन, पॉझिटिव्हिटी (तपासलेल्यांत किती टक्के बाधित) आणि किती टक्के ऑक्सिजन बेड भरलेत. मुंबई-पुणे सावरत असताना आपलं कोल्हापूर तेव्हा चौथ्या स्तरात होतं. आता समजा, एका जिल्ह्यात ४०० ऑक्सिजन बेड आणि ३२० रुग्ण. ८० टक्के, म्हणजे पाचवा स्तर. आणखी २०० बेड मांडले की टक्केवारी ५३ वर येते आणि या निकषावर जिल्हा थेट तिसऱ्यात. रुग्ण तेवढेच, नर्स तेवढ्याच. कुणी मुद्दाम असं केलं, असा माझा आरोप नाही. पण खाटा मांडून सुधारणारं माप मुळात निवडायचंच कशाला?

शिवाय जिल्ह्याची टक्केवारी काढताना कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या दारात कोण उभं असतं, याचा विसर पडतो. सिंधुदुर्गातून, सांगलीकडून, निपाणीकडून माणसं इथंच येतात. ती जिल्ह्याच्या हिशेबात नाहीत, रांगेत मात्र आहेत.

सगळं खापर मुंबईवर फोडू नये, हेही खरं. ऑक्सिजनचा कोटा दिल्ली ठरवत होती, आणि मराठवाड्यात आलेल्या १५० व्हेंटिलेटर्सपैकी वापरायला काढलेले ११३ सदोष निघाल्याचं प्रकरण मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेलं. त्यात जुलैत महापूर आला, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला. खाटा कुठं वाहून गेल्या नाहीत, पण ऑक्सिजनचा टँकर यायचा रस्ता गेला.

हा फरक मला कळला तो आकडेमोडीतून नाही. मे २०२१ मध्ये आमच्या तालमीतली पोरं बेड शोधून द्यायला फोन घेऊन बसायची, त्यांत मीही होतो. एका रात्री घरचाच फोन आला, मामांची ऑक्सिजनची पातळी ८४ वर. यादीत एका ठिकाणी दोन बेड शिल्लक दिसत होते. पोहोचलो तर दारावरचा वॉर्डबॉय म्हणाला, “भरलंय.” काचेतून आतली रिकामी खाट दिसत होती, चादर घातलेली. मी बोट दाखवलं. तो वैतागला नाही. म्हणाला, “दादा, खाट हाय, पण आत सिस्टर एकच हायत, दोन खोल्या बघायल्यात. घेतला तर बघणार कोण?”

रिक्षातच सिलिंडर लावून बसलो. सकाळी आठला पाळी बदलली, दोन सिस्टर आत गेल्या, पीपीई किट चढवायला त्यांना वीस मिनिटं लागली. मग त्याच वॉर्डबॉयनं हात केला आणि मामांना आत घेतलं. काचेतून दिसत होती त्याच खाटेवर.