पाण्यावर तरंगणारा शाफ्ट

जूनमध्ये मासेमारी बंदी लागली की कोकणात होड्या काठावर ओढल्या जातात आणि एरवी पाण्याखाली असणारा पंखा डोळ्यांसमोर येतो. जाणता तांडेल आधी पंख्याजवळ शाफ्ट, म्हणजे इंजिनाची फिरकी पंख्यापर्यंत नेणारा दांडा, दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवतो. ठकठक जाणवली की समजायचं, बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती आधाराची नळी (एक प्रकारचं बेअरिंग), गेला. साधारण 25 मिलिमीटरच्या शाफ्टला दीड मिलिमीटर खेळ, म्हणजे ढिलेपणा, आला, तर बदलायला उशीरच झालेला असतो.

पंख्याच्या जरा पुढे, तळाखालच्या ब्रॅकेटमध्ये हा बुश बसतो. बाहेर पितळी नळी, आत रबर आणि रबरात लांबीच्या दिशेने खाचा. तेल नाही, ग्रीस नाही. सगळं वंगण समुद्राच्या पाण्याचं! पाण्यासारखा पातळ पदार्थ एवढं वजन कसा पेलतो, याचं मला आजही नवल वाटतं.

याचा धागा 1883 मध्ये ब्रिटिश इंजिनियर बीचम टॉवर यांच्या हाती लागला. तेलात फिरणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगला त्यांनी वरून भोक पाडलं, तर त्यातून तेल उसळून बाहेर येऊ लागलं. भोकात लाकडी बूच ठोकलं, तेही तेलाने बाहेर ढकललं. फिरणारा शाफ्ट द्रवाला अरुंद फटीत ओढून नेतो, तिथे दाब वाढतो आणि त्या दाबावर शाफ्ट उचलला जातो. शास्त्रज्ञ ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी 1886 मध्ये त्याचं गणित मांडलं. पाणी तेलापेक्षा फारच पातळ, त्यामुळे त्याचा थरही पातळ. पण रबर दाबाखाली किंचित दबतं, भार पसरतो आणि थर टिकतो.

रबराचा खरा गुण वाळूत दिसतो. खाडीच्या तोंडाशी पाणी गढूळच असणार. वाळूचा कण धातूच्या बुशात रुतला तर शाफ्टला चरे पाडतो. रबरात तो दबतो, शाफ्टबरोबर घरंगळत खाचेत पडतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. रबराआधी हे काम लाकूड करत असे. ब्रिटिश इंजिनियर जॉन पेन यांनी 1854 मध्ये लिग्नम व्हिटी या पाण्यात बुडणाऱ्या, राळेने भरलेल्या लाकडाच्या पट्ट्या वापरायला सुरुवात केली, तेव्हा कुठे पंख्याच्या जहाजांची बेअरिंग टिकू लागली.

नवा बुश घेताना शाफ्टचा व्यास प्रत्यक्ष मोजा, तोही बुश बसतो त्याच जागी. तिथे खळगा पडला असेल तर नवा बुश फुकट जाणार. लांबी सहसा व्यासाच्या चौपट असते. रबर नायट्राइल या कृत्रिम प्रकारचं हवं, डिझेलने ते लवकर फुगत नाही. होडी ॲल्युमिनियमची असेल तर पितळी नळी टाळून फायबरची घ्या, कारण खाऱ्या पाण्यात या दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं.

जुना बुश मात्र लगेच फेकू नका. एकाच बाजूने झिजलेला असेल तर इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत नाहीत. सगळीकडून सारखा झिजलेला असेल तर शाफ्ट वाकडा किंवा पंखा असंतुलित असू शकतो. रबर करपलेलं दिसलं तर पाणी पोचत नव्हतं. काठावर कोरडा शाफ्ट फिरवून बघण्याची सवय म्हणूनच घातक.

काढताना हातोड्याने ठोकू नका, ब्रॅकेट वाकेल. बुश खेचून काढणारा पुलर नसेल तर हॅकसॉच्या पात्याने नळी लांबीत चिरून आत दुमडा, पण पातं ब्रॅकेटला लागू देऊ नका. नवा बुश बसवण्याआधी बर्फात ठेवा, तो तर बंदरावर मिळतोच. 30 अंशांवरून शून्यावर आल्यावर 40 मिलिमीटरची पितळी नळी जेमतेम दोन शतांश मिलिमीटर आकसते, पण तेवढ्यानेही काम सोपं होतं. आतल्या रबराला साबणाचं पाणी लावा. बुश जागेवर धरणारा पकडस्क्रू जास्त आवळला तर नळी आत दबून शाफ्टला घासते.

होडी पाण्यात उतरवली की लाकडी सांगाडा पुन्हा थोडा आकार बदलतो. म्हणून दुसऱ्या दिवशी इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगची फट चारही बाजूंनी फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजायची, दोन्ही एका रेषेत आहेत ना ते बघायचं आणि मगच इंजिनाचे बोल्ट शेवटचे आवळायचे.