भूल दिली, तरी दाढ का दुखते?

किडलेली अक्कलदाढ काढायची ठरली की दोन सल्ले हमखास मिळतात: ‘दाढ काढू नका, नजर अधू होते’ आणि ‘सूज असताना काढू नका, इंजेक्शन लागू पडत नाही’. पहिला सल्ला भाकड आहे. मेंदूतून निघणाऱ्या चेतांच्या १२ जोड्यांपैकी दातांची संवेदना पाचवी जोडी वाहते आणि दृष्टी दुसरी. दाढ उपटल्याने चष्म्याचा नंबर वाढत नाही. दुसऱ्या सल्ल्यात मात्र तथ्य आहे, आणि त्यामागचे रसायनशास्त्र मला फार आवडते.

दंतवैद्य सहसा वापरतात ते भुलीचे औषध, लिग्नोकेन, १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन यांनी तयार केले. चेतातंतूच्या पटलातील वाहिन्या उघडून सोडियमचे आयन आत घुसतात, तेव्हाच वेदनेचा संदेश पुढे सरकतो. लिग्नोकेन या वाहिन्या बंद पाडते, पण बाहेरून नव्हे, आतून. त्याचे काही रेणू धनप्रभारित असतात, तर काही प्रभाररहित. पटल स्निग्ध असल्यामुळे त्यातून प्रभाररहित रेणूच सहज पार होतात. परंतु आत गेल्यावर त्यांतले बरेचसे हायड्रोजनचा आयन उचलून प्रभारित होतात, आणि वाहिनीत बूच बसवण्याचे काम मुख्यतः हे प्रभारित रेणू करतात. म्हणजे आत शिरणारे रूप एक आणि काम करणारे दुसरे!

सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप; आम्लता वाढली की तो घटतो) ७.९ असेल, तर ही दोन्ही रूपे निम्मी-निम्मी असतात. निरोगी ऊतींच्या ७.४ सामूला प्रभाररहित रेणू सुमारे एक चतुर्थांश उरतात आणि तेवढे पुरतात. सुजलेली जागा आम्लधर्मी होते. तेथील सामू ६.४ पर्यंत घसरला, तर हेच प्रमाण जेमतेम ३ टक्क्यांवर येते. औषध तेवढेच, पण बहुतेक रेणू दाराबाहेर ताटकळतात.

हे स्पष्टीकरण सुबक असले, तरी अपुरे आहे. खालच्या अक्कलदाढेसाठी सुई जबड्याच्या मागच्या भागात, सुजेपासून दूर टोचतात. अर्धा ओठ बधिर होतो आणि तरीही कधीकधी दाढ ठणकतच राहते. तेथे आम्लाला दोष देता येत नाही. दाह होत असताना तयार होणारी प्रोस्टाग्लँडिने चेतातंतूंना चटकन पेटणारे बनवतात, शिवाय लिग्नोकेनला सहज दाद न देणाऱ्या सोडियम वाहिन्यांचे प्रमाण वाढते, असे मानले जाते. अशा वेळी दंतवैद्य दाढ आणि हाड यांमधल्या बारीक फटीत आणखी थोडे औषध सोडतात.

एवढे करूनही दाढ हलवताना दाब जाणवतोच. दाबाची संवेदना वाहणारे जाड तंतू वेदनेच्या बारीक तंतूंइतके सहज बधिर होत नाहीत, त्यामुळे तो दाब म्हणजे भूल उतरल्याचे लक्षण नव्हे. कळ आली, तर मात्र हात वर करावा.