अल्बम अजून आलेला नाही, मेंदूत मात्र वाजायला लागलाय

आवडत्या बँडच्या ड्रमरने रात्री उशिरा स्टुडिओतला एक फोटो टाकला. फोटोत काय, तर एक स्नेअर ड्रम, दोन माइक आणि जमिनीवर पसरलेल्या वायरी. कॅप्शन नाही, तारीख नाही. सकाळपर्यंत फॅन लोकांनी तो फोटो झूम करकरून मागच्या पांढऱ्या बोर्डवरच्या पुसट अकरा रेघा शोधून काढल्या होत्या, अकरा रेघा म्हणजे अकरा गाणी, अकरा गाणी म्हणजे अल्बम, आणि अल्बम म्हटला की टूर आलीच. मी पण त्या झूम करणाऱ्यांतलाच, उगाच शहाणपणाचा आव आणत नाही. मला तर बारावी रेघ पण दिसली होती, ती नंतर माझ्याच स्क्रीनवरचा ओरखडा निघाली.

बाहेरच्या माणसाला हा सगळा येडेपणा वाटतो. अल्बम येईल तेव्हा ऐका की, तोवर आपापली कामं करा. पण मेंदूचा हिशोब तसा चालतच नाही. गाणं कानावर पडलं की मजा सुरू होते असं आपण धरून चालतो, आणि गेल्या तीसेक वर्षांतलं संशोधन बघितलं तर मजेतला बराच वाटा वाट बघतानाच खाऊन झालेला असतो.

सुरुवात माकडांपासून करावी लागते, इलाज नाही. वोल्फ्राम शुल्ट्झ नावाचे शास्त्रज्ञ स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबोर्ग विद्यापीठात माकडांच्या मेंदूत अगदी बारीक इलेक्ट्रोड घालून डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशी कधी चेकाळतात ते मोजत होते. माकडाच्या तोंडात फळाच्या रसाचा थेंब पडला की पेशी जोरात चालायच्या, इथवर ठीक. मग रसाच्या थोडं आधी एक खूण द्यायला सुरुवात केली, समजा दिवा लागला की रस येणार. माकडाला हे कळल्यावर पेशी दिवा लागताच उसळायला लागल्या, आणि प्रत्यक्ष रस आला तेव्हा ढिम्म. दिवा लागून रस आलाच नाही तर, रस यायच्या नेमक्या क्षणाला त्यांचं काम नेहमीपेक्षाही खाली जायचं. १९९७ मध्ये शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू या तिघांनी याची जी मांडणी केली ती आज पाठ्यपुस्तकात आहे: या पेशी बक्षीस मोजत नाहीत, ठरवलं होतं त्यापेक्षा जास्त मिळालं की कमी, तो फरक मोजतात.

तर ड्रमरचा फोटो म्हणजे आपला दिवा. रसाचा पत्ता नाही, पण पेशी कामाला लागल्या.

याच्या पुढचा प्रयोग मला जास्त आवडतो. २००३ मध्ये फिओरिलो, टॉब्लर आणि शुल्ट्झ यांनी माकडांना वेगवेगळी चित्रं दाखवली, एका चित्रानंतर रस नक्की मिळणार, एकानंतर कधीच नाही, एकानंतर निम्म्या वेळा, असं. चित्र दिसल्यापासून रस यायच्या वेळेपर्यंतच्या दोनेक सेकंदांत पेशींची चाल हळूहळू चढत जायची, आणि ही चढण सगळ्यात जास्त कधी, तर शक्यता निम्मी-निम्मी असताना. नक्की येणार असेल तर चढण जवळपास नाहीच, नक्की येणार नसेल तरी नाही. आता माकडाचे दोन सेकंद कुठे आणि फॅनची पाच वर्षं कुठे, आणि त्या चढणीचा अर्थ काय लावायचा यावर शास्त्रज्ञांत वादही झालेत, त्यामुळे एकावरून दुसरं सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. पण ‘यंदा येतोय बहुतेक’ या वाक्यातला ‘बहुतेक’ शब्द माणसाला का झोपू देत नाही, याचा धागा इथे सापडतो एवढं खरं.

बँडवाल्यांना हे प्रयोगशाळेशिवायच कळलेलं असतं. १ मे २०१६ ला रेडिओहेड या बँडची वेबसाइट हळूहळू फिकी होत पूर्ण पांढरी झाली, सोशल मीडियावरच्या जुन्या पोस्ट गायब. घोषणा वगैरे काही नाही. काहीतरी सांगून जेवढी बोंब झाली नसती तेवढी काही न सांगता झाली. आठवड्यात, ८ मे ला, अल्बम हजर. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ मध्ये कुतूहलाबद्दल एक मांडणी केली होती, की आपल्याला माहीत असलेलं आणि जाणून घ्यायचं असलेलं यांच्यामध्ये फट दिसली की ती खाजेसारखी छळते. पांढरं पान म्हणजे नुसती फटच की.

याच लोवेनस्टाइनचा १९८७ चा अभ्यास पण भारी आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना विचारलं, तुमच्या आवडीच्या फिल्मस्टारने तुम्हाला किस द्यायचा असेल तर त्यासाठी किती पैसे द्याल, आत्ता लगेच मिळणार असेल तर, तीन तासांनी, एका दिवसाने, तीन दिवसांनी, एका वर्षाने, दहा वर्षांनी. साध्या अर्थशास्त्राप्रमाणे आत्ता लगेचला जास्त भाव मिळायला हवा. मिळाला तीन दिवसांना. मधले तीन दिवस त्याचा विचार करत, मनातल्या मनात चघळत काढायचे, त्याचेच लोक जास्तीचे पैसे मोजायला तयार होते. दहा वर्षांचा भाव मात्र पडला.

आणि रॉक बँड नेमके त्या पडलेल्या भावाच्या बाजूला राहायला जातात! टूल या बँडचा एक अल्बम २००६ ला आला आणि पुढचा थेट ३० ऑगस्ट २०१९ ला, म्हणजे आधीचा शाळेत असताना ऐकलेला पोरगा पुढचा आला तेव्हा स्वतःच्या पोराला शाळेत सोडून येत असणार. गन्स अँड रोझेसने स्वतःची नवी गाणी असलेले अल्बम १९९१ ला काढले, त्यानंतरचा तसा अल्बम नोव्हेंबर २००८ ला. मध्ये इतकी चेष्टा झाली की डॉक्टर पेपर या सॉफ्ट ड्रिंकवाल्यांनी २००८ च्या मार्चमध्ये जाहीर करून टाकलं, हा अल्बम यंदा आला तर अमेरिकेतल्या प्रत्येकाला एक कॅन फुकट, फक्त बँड सोडून गेलेले स्लॅश आणि बकेटहेड हे दोन गिटारिस्ट वगळून. अल्बम खरंच आला. फुकटच्या कॅनसाठी वेबसाइटवर इतकी गर्दी झाली की ती झोपली.

एवढ्या लांबणीवर लोक टिकतात कसे, तर मला वाटतं मधे मधे दिवे लागत राहतात म्हणून. एक फोटो, एक इंटरव्ह्यू, बेसिस्टने कुठेतरी ‘काम चालू आहे’ म्हटलेलं. स्किनर या मानसशास्त्रज्ञाच्या कबुतरांची गोष्ट ऐकली असेल, दाणा कितव्या टोचणीला पडेल ते ठरलेलं नसलं की कबुतर थांबतच नाही, टोचतच राहतं. आपण रिफ्रेश करतो.

आता हीच वाट बघणं एका गाण्याच्या आत बघू, कारण तिथे ते सेकंदात मोजता येतं. कोरस यायच्या आधी ड्रमर एक फिल, म्हणजे ड्रमवरचा छोटा तोडा, मारतो आणि सगळी वाद्यं अर्धा ठोका थांबतात, त्या अर्ध्या ठोक्यात तुम्ही श्वास धरता, पुढे काय येणार ते शंभर वेळा ऐकून माहीत असतं तरीही धरता, आणि मग कोरस पडतो आणि हातावर काटा. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात व्हॅलरी सलिमपूर, रॉबर्ट झटोर आणि त्यांच्या टीमने २०११ मध्ये नेमका हा काटा पकडला. आठ जण, प्रत्येकाला हमखास काटा आणणारं त्याचं स्वतःचं आवडतं शब्दांशिवायचं म्युझिक, आणि मेंदूचे दोन प्रकारचे स्कॅन. काटा आला तेव्हा न्यूक्लियस अॅकम्बन्स या भागात डोपामिन सुटलं, हे अपेक्षितच होतं. पण त्याच्या काही सेकंद आधी, येतंय येतंय अशा टप्प्यावर, कॉडेट नावाच्या वेगळ्याच भागात सुटलेलं होतं. म्हणजे ‘येतंय’ आणि ‘आलं’ यांची दुकानंच वेगळी, आणि पहिलं दुकान आधी उघडतं.

डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन असं सगळीकडे छापून येतं, ते फार ढोबळ आहे. मिशिगन विद्यापीठाच्या केंट बेरिज यांनी दाखवलं की ज्या उंदरांचं डोपामिन जवळपास संपवून टाकलंय ते स्वतःहून खायला जात नाहीत, पण तोंडात गोड घातलं तर आवडल्यासारखं तोंड मात्र करतात. म्हणजे हवंसं वाटणं आणि आवडणं या दोन गोष्टी. गाण्यांच्या बाबतीत मात्र मामला जरा गुंतलेला दिसतो, २०१९ च्या एका प्रयोगात २७ जणांना डोपामिन वाढवणारं औषध दिलं तर गाण्यातली मजा वाढली, डोपामिन अडवणारं दिलं तर कमी झाली, आणि गाण्यावर खर्च करायची तयारी पण तशीच वरखाली झाली. माझं मत विचाराल तर संगीत हे बनलेलंच अपेक्षेचं असतं, त्यामुळे त्यात हवंसं कुठे संपतं आणि आवडणं कुठे सुरू होतं ते वेगळं काढणं अवघड जाणार.

मग अखेर अल्बम येतो. मध्यरात्री हेडफोन लावून पहिलं गाणं. आणि हे काय? ठीक आहे. बरं आहे. गिटार जरा कमी वाटतेय. शुल्ट्झच्या माकडासारखं, रस आलाय पण पाच वर्षांत डोक्यात जो रस तयार झालाय त्याच्यापुढे हा पातळच लागणार. त्यात नवं गाणं आणि जुनं गाणं ही लढाईच बरोबरीची नसते. २०११ मध्ये कार्लोस परेरा आणि सहकाऱ्यांनी लोकांना पॉप-रॉक गाण्यांचे तुकडे ऐकवून मेंदू स्कॅन केले, तर भावनेशी आणि बक्षिसाशी जोडलेले भाग ओळखीच्या गाण्याला जास्त प्रतिसाद देत होते, गाणं आवडतं की नाही यापेक्षाही ते ओळखीचं आहे की नाही याला वजन जास्त. म्हणून नवा अल्बम पहिल्याच रात्री ऐकून ‘बँड संपला’ असं लिहिणाऱ्याला मी मनावर घेत नाही, आणि ते लिहिणारा मी असलो तरी घेत नाही. रॉबर्ट झायोन्क यांनी १९६८ मध्येच दाखवलंय की एखादी गोष्ट नुसती परत परत समोर आली तरी ती आवडायला लागते. पाचव्या वेळेला ती कमी वाटलेली गिटार बरोबर जागेवर वाटायला लागते, चौथं गाणं, जे स्किप केलं होतं, ते अंघोळ करताना तोंडात येतं.

टूरची गोष्ट जरा वेगळी, कारण तिथे तारीख असते. ओएसिस हा बँड २००९ ला फुटला, २७ ऑगस्ट २०२४ ला परत येतोय असं जाहीर झालं आणि पहिला शो ४ जुलै २०२५ ला कार्डिफला. पंधरा वर्षं नुसती आशा, आणि मग दहा महिने हातात तिकीट. या दोन वाट बघण्यांची चव एक नाही. २०१४ मध्ये अमित कुमार, मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि टॉम गिलोविच यांनी तपासलं, तर वस्तूची वाट बघण्यापेक्षा अनुभवाची, म्हणजे कॉन्सर्ट, ट्रिप असल्या गोष्टींची वाट बघणं लोकांना जास्त सुखाचं वाटतं, वस्तूच्या वेळी त्यात अधीरपणा जास्त मिसळतो. त्यांनी वर्तमानपत्रात आलेल्या लांबलचक रांगांच्या बातम्या पण चाळल्या, अनुभवासाठी रांगेत उभे असलेले लोक वस्तूसाठी उभ्या असलेल्यांपेक्षा बऱ्या मूडमध्ये होते.

ऑनलाइन रांगेचं काय ते मात्र कोणी विचारू नये. गेल्या वेळी माझा नंबर हजारांमध्ये होता, चालणाऱ्या छोट्या माणसाचं चित्र चाळीस मिनिटं स्क्रीनवर चालत होतं, आणि ते पोचलं तेव्हा एक तिकीट शिल्लक होतं, खांबामागचं. घेतलं.

आता तीन आठवडे राहिलेत आणि टूर दुसऱ्या शहरांत सुरू झालीय, म्हणजे सेटलिस्ट, कुठलं गाणं कितव्या नंबरला, सगळं रोज रात्री बाहेर येतं. मी ठरवलं होतं बघायचं नाही. पण त्याच्यावर पण एक माकडांचा प्रयोग आहे, ब्रोमबर्ग-मार्टिन आणि हिकोसाका यांचा, २००९ चा. बक्षीस मोठं मिळणार की छोटं हे माकडांना थोडं आधी कळू शकत होतं, कळल्याने बक्षिसात काडीचाही फरक पडणार नव्हता, तरी माकडं आधी कळण्याचाच पर्याय निवडत होती, आणि डोपामिनच्या त्याच पेशी नुसत्या माहितीच्या चाहुलीनेही उसळत होत्या. हे वाचलेलं असून काल रात्री दीड वाजता सेटलिस्ट उघडली. अंगठ्याने अर्धी स्क्रीन झाकून एक एक ओळ खाली सरकवत गेलो, सातव्या नंबरला ते चौथं, स्किप केलेलं गाणं निघालं, आणि तिथेच फोन उलटा करून ठेवला.